आधी मैत्री, मग संसार

कडेगावच्या आमच्या वाचनगटात रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) वाचली. रमा-माधवाची थट्टा आली की बायका ते पान पुन्हा वाचायला लावत. जोडी बालविवाहातलीच, पण आधी सवंगडी, मग नवरा-बायको अशी वाटणारी. मी नाक मुरडले. शेवटी रमा १७७२ साली थेऊरला सतीच गेली ना! एक ताई म्हणाल्या, "ते ठावं हाय. पण नवरा बायकोशी हसून बोलतोय, हे कुठं बघायचं?"

मी गप्प झाले. इथे मुलगी एसटी स्टँडवर वर्गमित्राशी हसली तरी तिचे कॉलेज सुटते, स्थळे येऊ लागतात. मग मैत्रीतले प्रेम पेशव्यांच्या वाड्यातच शोधायचे. पुढच्या बैठकीचा विषय ठरला आहे: लग्नाआधी आपण नवऱ्याशी किती वेळा बोललो होतो?