नोड शांत आहे की बंद पडला आहे?

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओचालकांचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होते, म्हणून अंदमानची खबर मुख्य भूमीवर पोहोचली. पण योगायोगाच्या भरवशावर संपर्कजाळे उभे राहत नाही. डोंगरमाथ्यावरचा पॅकेट रेडिओचा नोड एरवी क्वचितच वापरला जातो. तो शांत असेल तर कोणी बोलत नाही म्हणून, की बॅटरी संपली म्हणून, हे खालून कळत नाही.

उपाय जुनाच आहे. एपीआरएसच्या एका टेलिमेट्री पॅकेटात पाच मोजमापे आणि आठ होय-नाही संकेत मावतात. बॅटरीचे व्होल्टेज, तापमान, ऐकलेल्या पॅकेटांची संख्या, एवढे पुरे. पहाटेचे व्होल्टेज दिवसेंदिवस घसरू लागले, की सौर पॅनल किंवा बॅटरीतील बिघाडाची शंका वेळीच येते. हे आकडे नोडचालकाने स्वतःपाशीच ठेवणे हा निव्वळ कद्रूपणा होय. हौशी रेडिओवर गुप्त संकेतांत बोलायला तशीही मनाई आहे, मग नोंदीच का दडवाव्यात?

आक्षेप एकच खरा : १२०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या सामायिक वाहिनीवर शंभर बाइटांचे पॅकेट सुमारे पाऊण सेकंद अडवून धरते. म्हणून ते अर्ध्या तासाने एकदाच पाठवावे आणि इतर नोडांनी पुढे ढकलू नये. इंटरनेटला जोडलेले जवळचे एखादे केंद्र ते ऐकून सर्वांसाठी नोंदवू शकते.