हमी महसुलाला, शेतकरी वाऱ्यावर

लासलगावचा कांदा मालमोटारीने बांगलादेशास निघतो, तो सुमारे दोन हजार किलोमीटर कापून पेट्रापोल नाक्यावर पोहोचतो. पलीकडे बेनापोलला तो उतरवून तेथील गाड्यांत पुन्हा भरावा लागतो. अशी चढउतार टाळण्याकरिता १९७५ चा आंतरराष्ट्रीय टी.आय.आर. करार आहे. निघण्याच्या ठिकाणी मालाला सीमाशुल्क खात्याचे सील लागते, वाटेतील शुल्काची हमी मान्यताप्राप्त संस्था घेते आणि नाक्यानाक्यावर माल उघडला जात नाही. भारत या करारात २०१७ साली सामील झाला. पाऊल योग्यच होते. पण बांगलादेशच्या वाटेवर जुनाच खोळंबा आहे.

शिवाय या व्यवस्थेत हमी मिळते ती सरकारी महसुलाला. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने कांदा निर्यातीवर एकाएकी बंदी घातली आणि निघालेल्या गाड्या सीमेवर अडकल्या. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली. सीमेवर नासलेल्या मालाचा तोटा व्यापारी पुढील लिलावात भाव पाडून भरून काढतो. शेवटी झळ बसते ती निर्यातीच्या एकाही कागदावर ज्याचे नाव नाही, त्या शेतकऱ्याला.

शहरातील कामगाराला स्वस्त कांदा मिळालाच पाहिजे. परंतु त्याचा भार निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याने एकट्याने का वाहावा? सरकारने बाजारभावाने खरेदी करून तो स्वस्तात विकावा. आणि बाजार समितीतून निर्यातीसाठी निघालेल्या मालाला नवी बंदी लागू होणार नाही, असा स्पष्ट नियम करावा. वाटेत नियम बदलणारे शासन वाहतुकीचे कितीही करार करो, शेतकऱ्याचा रस्ता त्याने मोकळा होणार नाही.