पहिली रांग कोणाची?

विनोदी नाटकाला जाऊन न हसता परत आलेला मनुष्य बहुधा नाटककाराला दोष देतो, नटांना देतो, क्वचित स्वतःच्या प्रकृतीलाही देतो. आपण कोठे बसलो होतो, आपल्या शेजारची खुर्ची भरलेली होती की रिकामी, याचा विचार मात्र तो करीत नाही. माझे मत असे आहे की, लहान नाट्यगृहातील विनोदी प्रयोग पुष्कळदा रंगमंचावर पडतच नाही. तो तिकिटाच्या खिडकीवरच पडून चुकलेला असतो. हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. वाटो बापडे. मी ते बेळगावात गेली तीस-पस्तीस वर्षे पदरच्या पैशांनी तिकिटे काढून केलेले आहे.

तिकीट काढण्याचे पहिले शिक्षण मला आजोबांकडून मिळाले. मी तेव्हा पाचवीत होतो. गावातील हौशी मंडळी आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’चा प्रयोग करणार होती. आजोबा मला बरोबर घेऊन आदल्या दिवशी सकाळी बुकिंगच्या खिडकीवर गेले. आत एक वृद्ध गृहस्थ खुर्च्यांचा नकाशा पुढे पसरून बसले होते. नाटकवाले त्यास ‘प्लॅन’ म्हणतात. विकलेल्या खुर्चीवर ते निळ्या पेन्सिलीने फुली मारीत आणि राखीव खुर्चीवर तांबड्या पेन्सिलीने. पहिल्या दोन रांगा संपूर्ण तांबड्या होत्या.

“अण्णा, पाचव्या रांगेत मधल्या दोन आहेत. घ्या डोळे मिटून,” ते म्हणाले.

“डोळे उघडे ठेवायला तर तिकीट काढतोय,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी प्लॅन स्वतःकडे वळवून घेतला. प्रवेश कोणत्या बाजूने आहे, पंखे कोठे आहेत, पाचव्या रांगेच्या पुढे कोणी उंच मनुष्याने तिकीट काढले आहे काय, इतक्या चौकश्या त्यांनी केल्या. पाठीमागच्या रांगेतील माणसे खोळंबली. मला लाज वाटली. परंतु दुसऱ्या दिवशी मावशीच्या लुगड्याखालून विजारीची किनार डोकावली ती आम्हांला स्पष्ट दिसली, आणि आमच्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांना हसता हसता ठसका लागला तेव्हा आजोबांनी त्यांची पाठ चोळली. तो ठसका मला अजून ऐकू येतो.

आता खुर्चीविषयी थोडे तपशीलवार सांगतो, कारण विद्यार्थिमित्रांपैकी बहुतेकांना यापुढे स्वतःची तिकिटे स्वतःच काढावयाची आहेत. दोनशे-अडीचशे खुर्च्यांच्या लहान नाट्यगृहात सर्वांत पुढची जागा ही सर्वांत चांगली जागा नव्हे. रंगमंच जमिनीपासून साधारण कमरेइतका उंच असतो. त्यामुळे पहिल्या रांगेतून नटांची हनुवटी दिसते आणि पावले दिसत नाहीत. आणि प्रहसनात तर निम्मे काम पावलांचेच असते. चोरपावलांनी येणे, ठेचकाळणे, पळता पळता एकाएकी थांबणे ही सारी गंमत पहिल्या रांगेला अर्धीच मिळते. अगदी कडेच्या खुर्च्यांचे दुखणे निराळे आहे. तेथून समोरच्या बाजूच्या विंगेतला नट आपल्या प्रवेशाची वाट पाहत असलेला आधीच दिसतो, आणि आपल्या बाजूचे दार मुळीच दिसत नाही. ज्या नाटकात चार दारे आहेत आणि प्रत्येक दारामागे एकेक नवरा लपलेला आहे, तेथे हे नुकसान थोडेथोडके नव्हे. पलंगाआड दडलेला मनुष्य मधल्या प्रेक्षकांना अचानक सापडतो. कडेच्या प्रेक्षकांना तो पहिल्यापासूनच ठाऊक असतो. म्हणून मधली तिसरी ते सहावी रांग पाहावी. तिकिटाचे पैसे कमी असतील तर कडेच्या पुढच्या खुर्चीपेक्षा मधली मागची घ्यावी. लहान नाट्यगृहात आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचतोच. वृद्धांनी वाटेलगतची जागा घ्यावी. उंच माणसांनीही तीच घ्यावी, निदान मागच्यांवर उपकार म्हणून. काही नाट्यगृहांत एका बाजूस विषम आणि दुसऱ्या बाजूस सम क्रमांक असतात. तेथे अकरा व बारा ही तिकिटे काढून नवरा-बायको दोन टोकांस बसलेली मी पाहिली आहेत. (त्यांनी नाटक अधिक मनमोकळेपणाने पाहिले असे माझ्या एका मित्राचे म्हणणे आहे, ते मी येथे नोंदवून ठेवतो.)

आज पेन्सिलीचा प्लॅन जाऊन भ्रमणध्वनीवरचा प्लॅन आला आहे. सोय मोठी झाली, यात संशय नाही. खानापुराहून येणाऱ्या माणसाला तिकिटासाठी एक हेलपाटा कमी. परंतु त्या चित्रात सर्व खुर्च्या सारख्याच हिरव्या दिसतात. कोणत्या खुर्चीपुढे खांब आहे, कोणत्या पंख्याचा खडखडाट आहे, उतार कोठून सुरू होतो, हे ते चित्र सांगत नाही आणि विचारावे असा वृद्ध गृहस्थही समोर नाही. शिवाय त्याने आपल्याला एक वाईट सवय लावली. अनोळखी माणसाशेजारी बसणे नको म्हणून आपण मध्ये एक खुर्ची सोडून तिकिटे काढतो. आपल्यानंतर येणारा पलीकडे एक सोडतो. अशा एकट्या पडलेल्या खुर्च्या कोणी घेत नाही, कारण नाटकाला एकटा जाणारा मनुष्य विरळा. दोनशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात अशा वीस खुर्च्या राहिल्या तर मंडळीचे दहावा हिस्सा उत्पन्न बुडाले, हा हिशेब पाचवीच्या मुलासही येईल.

पण पैशाहूनही मोठी हानी हशाची होते. हसू ही गोष्ट खांद्याला खांदा लागून पसरते. शोकांतिका मनुष्य एकटा पाहू शकतो. डोळे पुसायला शेजारी लागत नाही. विनोदाला तो लागतो. रिकाम्या खुर्चीपाशी हशा तुटतो, आणि तो पुन्हा पलीकडे पेटावा म्हणून नटाला आवाज चढवावा लागतो. आवाज चढला की विनोद उतरला. प्रेक्षक म्हणतात, नट फार ओरडतो. बिचारा ओरडतो ते आपण सोडलेल्या खुर्च्या ओलांडण्यासाठी.

आणि सर्वांत वाईट रिकामी खुर्ची कोणती, तर पहिल्या रांगेतली. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात मुंबईहून आलेल्या मंडळीचा विनोदी प्रयोग होता. पहिल्या दोन रांगांवर ‘निमंत्रितांसाठी राखीव’ अशा चिठ्ठ्या होत्या. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि त्या दोन रांगा तशाच शुभ्र आच्छादनांसह रिकाम्या. मागे माणसे दाटीवाटीने बसलेली. मुख्य नट पहिले वाक्य बोलला ते त्या पांढऱ्या आच्छादनांना उद्देशून. दुसऱ्या प्रवेशात पाच-सहा निमंत्रित आले. त्यांच्यासाठी विजेरी फिरली, खुर्च्या सरकल्या, मागच्यांनी मान वाकडी केली. नवीन आलेल्यांना गोष्ट कळेना म्हणून ते हसेनात. पुढची रांग हसत नाही असे पाहून मागची माणसेही संकोचली. अखेरीस मध्यंतरात त्या मंडळीचे व्यवस्थापक स्वतः मागे आले आणि शेवटच्या रांगेतील कॉलेजच्या मुलांना म्हणाले, “पोरांनो, पुढे चला, नाहीतर आमचं मरण आहे.” मुले पुढे गेली. दुसरा अंक पहिल्याच नटांनी, त्याच कपड्यांत केला. पण तो निराळे नाटक वाटावे इतका रंगला. ते व्यवस्थापक जाताना पुन्हा लवकर येऊ असे म्हणाले नाहीत. ती मंडळी त्यानंतर आमच्याकडे आलेली नाही, आणि मला त्यांचा राग येत नाही.

मानाच्या जागेचा हा रोग आपलाच आहे असे मात्र नव्हे. सतराव्या शतकातील पॅरिसमध्ये सरदार मंडळी जास्त पैसे देऊन चक्क रंगमंचावरच खुर्च्या टाकून बसत. त्यांना नाटक पाहावयाचे नसे. नाटक पाहणाऱ्यांनी आपणांस पाहावे अशी त्यांची इच्छा असे. खाली अंगणात साधी माणसे उभ्याने नाटक पाहत. मोलिएर या थोर विनोदी नाटककाराने 1661 सालच्या आपल्या एका नाटकाच्या आरंभीच असा एक सरदार रंगवला आहे. तो उशिरा येतो, गडबड करीत खुर्ची मागवतो आणि ती नेमकी नटांच्या पुढे टाकून साऱ्या प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. दोन वर्षांनी दुसऱ्या एका नाटकात त्याने आपल्या पात्राकडून असे म्हणवले की, महाग जागा आणि स्वस्त जागा यांतील फरकाने रसिकता ठरत नाही. उभ्याने पाहणाऱ्या अंगणातील माणसांच्या निर्णयावर आपण विसंबू. ज्यांच्या पैशांवर मंडळी चालते त्यांनाच समोर हे ऐकवणे सोपे नव्हते. तरीही त्या खुर्च्या पॅरिसच्या मुख्य नाट्यगृहाच्या रंगमंचावरून हलावयास 1759 साल उजाडले. मोलिएर त्याआधी शहाऐंशी वर्षे वारला होता.

या मोलिएरचे आणि आपले नाते दूरचे नाही. त्याच्या 1660 मधील एका छोट्या प्रहसनावरून आर्थर मर्फी या नाटककाराने 1761 साली इंग्रजी नाटक रचले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी 1893 साली ‘तसबिरीचा घोटाळा’ लिहिले, आणि तेच पुढे 1916 मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ होऊन रंगभूमीवर आले. फाल्गुनराव आणि कृत्तिका मूळची पॅरिसची आहेत हे ऐकून कोणास नवल वाटेल, इतकी ती आपली झाली. देवलांचे शिक्षण बेळगावात झाले. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. पु. ल. देशपांडे काही काळ येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत असत. ज्या गावाचा विनोदाशी असा घरोबा, त्या गावात विनोदी नाटकाची पहिली रांग रिकामी राहावी, हे मला सहन होत नाही.

फुकट पासाविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्याकडे पास मागणे हा ओळखीचा पुरावा समजला जातो. “तिकीट काढून गेलो” हे काहीजण थोडे खाली मान घालून सांगतात. वस्तुतः पास घेतलेला प्रेक्षक हा सर्वांत वाईट प्रेक्षक. त्याचे काही गेलेले नसते. त्यामुळे पाऊस आला तर तो येत नाही, आणि आला तर परीक्षकाच्या मुद्रेने बसतो. तिकीट काढलेला मनुष्य हसण्याच्या तयारीने येतो, कारण आपले पैसे वसूल व्हावेत अशी त्याचीच इच्छा असते. सीमाभागात मराठी नाटक आणणाऱ्या मंडळीला गाडीचे भाडे, सामानाची चढउतार, वीस माणसांचे जेवण आणि मुक्काम इतके सारे तिकिटांतूनच काढावे लागते. मराठी टिकली पाहिजे असे भाषणात सांगून पास मागावयास जाणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

मुंबईत जुहूला 1978 साली उघडलेल्या पृथ्वी थिएटरात सुमारे दोनशे जागा आहेत आणि प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. तेथे खुर्च्यांना क्रमांक नाहीत. जो आधी येईल तो हवे तेथे बसेल, आणि तिसऱ्या घंटेनंतर कोणासही आत सोडत नाहीत. पुष्कळांना हीच पद्धत सर्वत्र हवी आहे. मला ती अर्धीच मान्य आहे. उशिरा येणाऱ्याला दार बंद, हे योग्यच. परंतु क्रमांक काढून टाकले तर गुडघे धरलेल्या आजीबाईंनी तासभर आधी येऊन दारात उभे राहावे काय? त्यांना चार खुर्च्या नावानिशी राखून ठेवाव्यात. राखीव जागेला माझा विरोध नाही. ती कोणासाठी राखावी, एवढाच वाद आहे.

शहरांतून आता एकट्यानेच उभे राहून विनोद सांगणाऱ्या कलावंतांची शंभर-शंभर खुर्च्यांची दालने निघाली आहेत. तेथे पहिल्या रांगेत बसणाऱ्याचीच थट्टा होते. तेथील पहिल्या रांगेसाठी कोणी निमंत्रितांची चिठ्ठी लावल्याचे ऐकिवात नाही.

हा सारा प्रपंच मांडण्याचे कारण घरचेच आहे. गतवर्षी आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी एक प्रहसन केले. पहिल्या तीन रांगा पाहुण्यांच्या. मुलांनी दोन महिने तालीम केली होती, आणि पुढे बसलेली आम्ही शिक्षक व पाहुणे मंडळी अल्पोपाहार आटोपून घड्याळे पाहत होतो. हशा मागून, अगदी भिंतीपाशी बसलेल्या पाचवी-सहावीच्या मुलांतून येत होता. तो मंचापर्यंत येता येता निम्मा होई. नाटक संपल्यावर मुख्य भूमिका करणारा मुलगा मला म्हणाला, “सर, आमचं पडलं ना?” पडले नव्हते. मी त्याला तसे सांगितले; त्याचा विश्वास बसला नाही.

म्हणून यंदा मी समितीपुढे सूचना मांडली की, पहिल्या दोन रांगांत सतरंज्या टाकून पाचवी-सहावीची मुले बसवावीत आणि पाहुण्यांच्या खुर्च्या चौथ्या रांगेपासून मांडाव्यात. पाहुण्यांना तेथून नटांची पावलेही दिसतील. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. पाहुण्यांचा अवमान होईल, मुले गोंगाट करतील, छायाचित्र चांगले येणार नाही, असे तीन आक्षेप निघाले. पहिल्या दोहोंस मी उत्तर दिले. छायाचित्राचे उत्तर मला सुचेना; ते मुख्याध्यापकांनी दिले की, छायाचित्र पाहुणे भाषण करीत असतानाच काढावे. सूचना एका दिवसापुरती मंजूर झाली आहे. सतरंज्या आठ लागतील. शाळेत सहा आहेत. दोन मी घरून आणणार आहे.