दहा वेळा लिहा!

धाकट्या भावंडाची वही रविवारी रात्री जरा उघडून पाहा. ‘सतराचा पाढा दहा वेळा लिहा’ हा आठवड्याचा गृहपाठ त्याने कसा उरकला आहे? आधी ओळीने दहा वेळा सतरा, मग त्यांच्याखाली दहा वेळा चौतीस! बोटे दुखतात, पाढा मात्र येत नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांची मालिका एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढा लाभ झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्याने झाला. प्रयोग एकाच माणसावरचा, हे खरे. पण पुढे अनेकांनी तो निरनिराळ्या रीतींनी पडताळून पाहिला आहे.

म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की तोच पाढा सोमवार ते शुक्रवार रोज दोनदाच लिहायला सांगावा, तोही न पाहता. एवढ्या वह्या रोज तपासायच्या कधी, असे तुम्ही विचाराल. तपासूच नका. मुलांना जोडीने बसवून एकमेकांचा पाढा ऐकू द्या. ‘सतरा नवे’ला कोण अडखळतो, हे शेजाऱ्याला चटकन कळते.