तिकीट आणि वर्गणी

२०२५ साली आपल्या शहरात फुटबॉलच्या दोन गोष्टी घडल्या. इंडियन सुपर लीगमध्ये हैदराबादच्या नावाने खेळणारा संघ हे शहर सोडून दिल्लीला गेला आणि जाताना त्याने नावही बदलले. त्याच वर्षी १३ डिसेंबरच्या संध्याकाळी अर्जेंटिनाचा मेस्सी उप्पलच्या क्रिकेट मैदानावर थोडा वेळ येऊन गेला. पहिल्या गोष्टीची हळहळ मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकली. दुसरीसाठी लोकांनी हजारो रुपये मोजले. ज्याला पाहायचे तो जगातला थोर खेळाडू, तेव्हा त्या गर्दीला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक प्रश्न मनातून जात नाही. फुटबॉलच्या मैदानावर जमणारी गर्दी आता नेमकी कोण असते?

हे शहर या खेळाला परके नव्हे. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. त्या संघाला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. आमच्या घरातील वडील मंडळी फतेह मैदानाच्या गोष्टी सांगत, त्यांत गोलांपेक्षा माणसेच जास्त असत: शेजारी कोण बसले होते, पंचाला कोणी उर्दूत कसा टोमणा मारला, हरल्यावर घरापर्यंत वाद कसा चालला. त्या गर्दीत बायका जवळजवळ नसत, ही तिची उणीवच होती. पण गर्दीतल्या प्रत्येकाला संघ आपला वाटे, कारण खेळणारा कोणा ना कोणाच्या मोहल्ल्यातला असे. २०२४ साली रहीमसाहेबांवर ‘मैदान’ हा चित्रपट निघाला. तो पाहून डोळे पुसत बाहेर पडणारे आपल्याकडे पुष्कळ भेटले. त्यांपैकी किती जणांनी त्या वर्षी प्रत्यक्ष मैदान पाहिले, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

मी गच्चीबावलीला काही सामने पाहिले आहेत. आसने स्वच्छ, दिवे लखलखीत, बंदोबस्त चोख. ध्वनिक्षेपकावरून एक निवेदक ‘आवाज करा’ म्हणून सांगत असे आणि सांगितल्यावर लोक आवाज करीत. एका कोपऱ्यात मात्र ढोल घेऊन वीसपंचवीस पोरे नव्वद मिनिटे उभी असत. त्यांना कोणी सांगावे लागत नसे. २० मार्च २०२२ रोजी हा संघ अजिंक्य ठरला तो गोव्यात, फातोर्ड्याला, केरळच्या पिवळ्या गर्दीसमोर. कारण साथीच्या निर्बंधांमुळे सारी स्पर्धा तिथेच भरली होती. म्हणजे या संघाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवसही त्याच्या गावाला घरबसल्या पाहावा लागला. पुढे संघ गेला तेव्हा त्या ढोलवाल्या पोरांचे मत घेण्याची सोयच कोठे नव्हती. त्यांनी तिकीट काढले होते. तिकिटाचा हक्क शेवटच्या शिट्टीबरोबर संपतो.

गर्दीचे हे रूप कसे पालटले, हे इंग्लंडकडे पाहिले म्हणजे कळते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक कठड्याच्या आत चेंगरले. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. दोष प्रेक्षकांवर ढकलण्यात आला. ते निर्दोष होते, असा स्पष्ट निर्वाळा ज्यूरीने २०१६ साली दिला. म्हणजे त्यासाठी घरच्यांना सत्तावीस वर्षे झगडावे लागले. दरम्यान न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानुसार वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांवरील उभे राहण्याच्या जागा काढून सर्वत्र खुर्च्या बसविण्यात आल्या. माणसे सुखरूप घरी परतू लागली, बायकामुले येऊ लागली. या लाभाचे मोल कमी लेखणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही, उठून जाईन.

पण खुर्चीबरोबर आणखी एक गोष्ट आली. खुर्चीचे भाडे सामान्यांच्या आवाक्यात राहावे, असेच टेलर यांनी सुचविले होते. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि तिकिटाचे दर चढतच गेले. जो कामगार आपल्या पोराला खांद्यावर घेऊन येत असे, तो हळूहळू खानावळीतल्या पडद्यासमोर जाऊन बसला. सुरक्षितता ही एक गोष्ट आणि महागाई ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी आल्या म्हणून एकीसाठी दुसरी सोसलीच पाहिजे, असे लोकांच्या मनावर ठसले. मैदाने शांत झाली, ती नुसत्या खुर्च्यांमुळे नव्हे. ज्यांना ओरडायचे होते, ते दाराबाहेर राहिले म्हणून.

गर्दीचे मोल मालकांना कळत नाही असे मात्र नाही. २०२० साली साथीमुळे रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित आरोळ्या मिसळाव्या लागल्या. आवाज हवा, माणूस नसला तरी चालेल, असा त्याचा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

आपल्या जुन्या घरांना या दुखण्याचे निदान करणे अवघड जाऊ नये. आपण या शहरात भाषेने थोडके. तरीही आपली ग्रंथालये, शाळा, गणेशोत्सव आणि नाट्यमंडळे टिकली ती कशावर? वर्गणीवर. पाच रुपये वर्गणी देणारा गृहस्थही वार्षिक सभेत उठून हिशेब विचारतो, कार्यवाहांशी भांडतो, रागावून दोन वर्षे येत नाही आणि तिसऱ्या वर्षी मांडवाच्या दोऱ्या बांधायला हजर होतो. तिकीट काढणारा पाहुणा असतो. वर्गणी देणारा घरचा असतो. पाहुण्याला न विचारता घर हलविता येते.

जर्मनीतील फुटबॉल बव्हंशी वर्गणीवर उभा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. काही अपवाद सोडता तेथील क्लबांत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत, असा नियम आहे. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूला आजही सुमारे २५,००० माणसे उभी राहून सामना पाहतात. २०२४ च्या आरंभी लीगने बाहेरचा भांडवलदार आणण्याचा घाट घातला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबविले; फेब्रुवारीत लीगला तो बेत सोडावा लागला. इंग्लंडातही ठिणगी विझलेली नाही. लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट काढण्याचे जाहीर केले, तेव्हा फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक सामना अर्धवट टाकून निघून गेले आणि चार दिवसांत दर मागे घेण्यात आला. गर्दीचे खरे बळ तिच्या आवाजात असतेच. पण कधी कधी ते तिच्या उठून जाण्यातही असते.

यावर कोणी म्हणेल, गर्दीचे एवढे गोडवे कशाला? गर्दी शिव्या देते, दगड मारते. म्हणणे खोटे नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात सोळा प्रेक्षक प्राणास मुकले. १९६२ च्या जकार्तात आपल्या खेळाडूंची अंतिम सामन्यात हुर्यो झाली, ती एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याच्या वक्तव्याच्या रागापोटी. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडतात, तेव्हा पेठच्या पेठ तिथे लोटते, आणि समर्थकांच्या हाणामारीचे प्रसंगही तिथे आले आहेत. हे थांबलेच पाहिजे. परंतु याच कलकत्त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये एक निराळे दृश्य दिसले. एका तरुण डॉक्टर महिलेच्या हत्येने शहर पेटले होते. पोलिसांनी बंदोबस्ताच्या कारणास्तव सामना रद्द केला, तर एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडनचे समर्थक न्याय मागत एकत्र रस्त्यावर उतरले. ज्या गर्दीला स्वतःचे असे काही असते, तिलाच शिस्त लावता येते आणि तीच प्रसंगी नागरिक म्हणून उभी राहते. १३ डिसेंबर २०२५ च्या सकाळी त्याच शहरात मेस्सीला पाहण्यासाठी भारी तिकिटे काढलेल्या लोकांनी, तो धड दिसला नाही म्हणून खुर्च्या मोडल्या. ते कोणत्याच संघाचे समर्थक म्हणून आले नव्हते; त्यांना पैशांचा मोबदला हवा होता.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच. जुन्या फतेह मैदानाच्या आठवणी काढून उसासे टाकण्याने काही साधणार नाही. ते दिवस रहीमसाहेबांबरोबर गेले. पण शहरात स्थानिक सामने अजून होतात, तिथे पायऱ्या रिकाम्या असतात. घरातील मुलामुलींना घेऊन महिन्यातून एकदा तिथे जावे, खेळणाऱ्या पोरांची नावे माहीत करून घ्यावीत, एखाद्या लहान क्लबाला वर्गणी द्यावी आणि वर्षाअखेरीस हिशेब मागावा. हे काम कंटाळवाणे आहे; मांडवाच्या दोऱ्या बांधण्याइतकेच. पुढेमागे हैदराबादच्या नावाने पुन्हा एखादा संघ उभा राहीलच. तो उद्या निघून जाऊ लागला, तर त्याला अडवून ‘कोणाला विचारून निघालात?’ असे म्हणणारी शंभर माणसे तरी या शहरात असावीत.