शंभरचा वेग घरात मुरतो कुठे?

वर्धा, प्रतिनिधी -
महिन्याचे पैसे १०० एमबीपीएसचे मोजायचे आणि मुलाच्या प्रवेश अर्जाची कागदपत्रे चढविताना मात्र संकेतस्थळाने 'वेळ संपली' म्हणून सांगायचे, ही वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील मध्यमवर्गीय घरांतील नेहमीची तक्रार आहे. तक्रारीचा रोख अर्थातच कंपनीवर असतो. तो पुष्कळदा योग्यही असतो. पण प्रत्येक वेळी नव्हे. वेग नेमका कोठे हरवतो हे न तपासता अधिक महागडी योजना घेणे म्हणजे गळक्या नळासाठी मोठी टाकी बांधण्यासारखे आहे.

अपेक्षा किती बदलल्या, हेही पाहण्याजोगे आहे. केंद्राच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस वेगालाच 'ब्रॉडबँड' म्हटले होते. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून जोडणी येत असे, तेव्हा एक्स्चेंजपासून घर जितके दूर तितका वेग कमी, असा साधा हिशेब होता. फायबरमध्ये या अंतराचा प्रश्न जवळजवळ उरला नाही. तरीही ओरड कायम आहे.

पहिला घोटाळा आकड्यांचा. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, तर संगणक फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरणार. पडद्यावर '११' दिसले म्हणून कंपनीने फसविले असे होत नाही. दुसरी गोष्ट अपलोडची. चित्रपट पाहताना डाउनलोड महत्त्वाचे, परंतु अर्ज भरताना, ऑनलाइन मुलाखत देताना अपलोडच कामी येते. फायबरच्या अनेक योजनांत दोन्ही वेग सारखे असतात. हवेतून येणाऱ्या फाइव्ह-जी जोडणीत अपलोड बरेच कमी असते. योजना घेताना हा आकडा क्वचितच कोणी विचारतो. आता तर शेतीची कामेही याच वाटेने येऊ लागली आहेत. हमीभावाने कापूस विकण्यासाठी २०२५ च्या हंगामात 'सीसीआय'ने 'कपास किसान' अॅपवरील नोंदणी सक्तीची केली, आणि हिंगणघाटसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या भागात त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सर्वाधिक वेग मात्र घराच्या चार भिंतींत जिरतो. फायबर दिवाणखान्याच्या खिडकीतून आत येते, म्हणून राउटरही तेथेच, टीव्हीच्या मागे टांगला जातो. विदर्भातील उन्हाळ्यात त्याच खिडकीत कूलर बसतो. पत्रा वायफायच्या लहरी अडवितो, पाणी त्या शोषून घेते. आणि कूलरमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. जाड भिंतींची जुनी घरे, लोखंडी कपाटे यांचाही हाच ताप. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोचतो. पण त्यात एकमेकांना न अडविणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दहा घरांचे राउटर त्यांतच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, मात्र तो दोन भिंतींपलीकडे थकतो. त्यामुळे राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणण्यासाठी दहा मीटर वायर टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. 'रिपीटर' घ्यायचाच तर तो एकाच पट्ट्यावर चालणारा नसावा. तो वेग निम्म्यावर आणतो.

कंपनीचा दोष ओळखण्याची कसोटीही सोपी आहे. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडावा, घरातील इतर उपकरणे बंद करावीत आणि वेग मोजावा. वायरवर ९५ आणि झोपण्याच्या खोलीत २५ येत असेल तर दोष घरातला. वायरवरही दुपारी ९५ आणि रात्री नऊला २० येत असेल, तर मात्र प्रश्न बाहेरचा. प्रचलित फायबर तंत्रात सुमारे अडीच गिगाबिटची एक वाहिनी ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. तेवढी सहसा पुरते. पण स्थानिक केबलचालकाने पुढची क्षमताच अपुरी घेतली असेल, तर क्रिकेट सामन्याच्या रात्री साऱ्या वस्तीचा वेग एकदम बसतो. महिन्याचा डेटा-कोटा संपल्यावर वेग घटविला जातो, तेही एकदा तपासून घ्यावे.

जोडणी पार बंदच पडते ती बहुधा खोदकामामुळे. नाली, जलवाहिनी, रस्ता यांपैकी कशासाठी तरी जेसीबी येतो आणि फायबर तुटते. खोदण्यापूर्वी सूचना देण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप आणले. ते यंत्रचालकाच्या मोबाइलपर्यंत पोचले तरच त्याचा उपयोग. वीज गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर चालतो, पण केबलचालकाच्या पेटीतील बॅटरी मेली असेल तर घरच्या इन्व्हर्टरचा काय लाभ?

वायरवर तीन-चार दिवस सकाळ-रात्र घेतलेल्या नोंदी, तारखेसह, जपून ठेवणे ग्राहकाच्या हिताचे आहे. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून क्रमांक घ्यावा. तेथे दाद न लागल्यास 'ट्राय'च्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. शिवाय दूरसंचार ग्राहक थेट ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यासाठी मुंबई किंवा नागपूर गाठावे लागत नाही. जिल्हा आयोग वर्ध्यातच आहे.