लेकीच्या घरचा भोपळा

"मग म्हातारी डांगरात बसली आणि निघाली," आई म्हणाली, आणि शेजारची आठ वर्षांची मुलगी एकदम गोंधळली. तिचं घर मूळचं सौराष्ट्रातलं. तिच्याकडे डांगर म्हणजे भात, शेतात चिखलात उभं असलेलं. "पण बा, डांगरमध्ये बसली तर वाघाला दिसेल ना?" आईच्या खानदेशी तोंडात डांगर म्हणजे लाल भोपळा. दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आईने दोन्ही हातांनी हवेत मोठा गोल काढून दाखवला आणि गोष्ट पुढे निघाली.

हे घडलं पर्वत पाटियाला, आमच्या मजल्यावर जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत. नावात पर्वत असला तरी इथे डोंगर औषधालाही नाही. पर्वत हे गावाचं नाव, आणि पाटिया म्हणजे गावाची पाटी लावलेला रस्त्यावरचा थांबा. सुरतेहून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा थांबा आता कापड मार्केट, टेम्पो आणि सोसायट्यांनी गच्च भरलाय. आमच्या एका जिन्यावर खानदेशी, काठियावाडी आणि मारवाडी अशी तीन प्रकारची स्वयंपाकघरं आहेत. संध्याकाळी फोडणीच्या वासावरून कोणता मजला आला ते कळतं.

आई आषाढात अमळनेरहून आली, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. यायला ती तयारच नव्हती. लेकीकडे चार दिवस पाहुणी म्हणून जावं, अंथरुणावर पडायला जाऊ नये, जावई कितीही चांगला असला तरी, असं तिचं म्हणणं. भाऊ आणि मी, दोघांनी मिळून तिला कशीबशी गाडीत बसवली. इथे आल्यावरही पहिले आठ दिवस ती भाजीत तेल कमी घाल, दूध अर्धाच पेला दे, असं मोजून जगत होती. माझ्या घरात माझी आई हिशेबाने जेवतेय, हे मला बघवत नव्हतं.

तिला मोकळं केलं ते धागा कटिंगने. आमच्या जिन्यातल्या बायका मार्केटमधून साड्या घरी आणतात. भरतकामाच्या मशीनवरून उतरलेल्या साडीच्या उलट बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत धागे लोंबत असतात. साडी मांडीवर उलटी पसरायची, बोटाच्या टोकाने धागा उचलायचा आणि छोट्या कटरने फुलाच्या अगदी कडेशी कापायचा. कटर जरा खोल गेला की कापडाला भोक पडतं आणि त्याचे पैसे आपल्या मजुरीतून जातात. आईचा हात शिवणकामाचा, तिला हे पहिल्याच दुपारी जमलं. बायका धागे कापायच्या, मुलं त्या धाग्यांच्या ढिगात लोळायची, आणि मुलांना एका जागी बसवायला आईने गोष्टी काढल्या. पहिलीच होती भोपळ्यातल्या म्हातारीची.

ही गोष्ट ज्याने लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. अशक्त म्हातारी लेकीकडे निघते. जंगलात वाघ आडवा येतो, कोल्हा आडवा येतो. ती म्हणते, आता माझ्या अंगावर हाडंच आहेत, लेकीकडे जाऊन तूप-पोळी खाऊन येते, मग खा मला. परतताना लेक तिला भोपळ्यात बसवते आणि भोपळा टुणूक टुणूक उड्या मारत जंगल पार करतो.

आईची गोष्ट संपते न संपते तोच ती सौराष्ट्रातली मुलगी म्हणाली, "ही तर आमची गोष्ट आहे!" तिच्या आजीकडे हिचं नाव 'दीकरीने घेर जावा दे', म्हणजे लेकीच्या घरी जाऊ दे. त्यातल्या डोशीला, म्हणजे म्हातारीला, भोपळा ठाऊक नाही, ती भंभोटियोत बसून येते. भंभोटियो म्हणजे नेमकं काय, हे तिला सांगता येईना. गोल असतो, पोकळ असतो, गडगडतो, एवढं मात्र तिला पक्कं माहीत. मग वरच्या मजल्यावरचा मारवाडी मुलगा पुढे सरसावला. त्याच्या दादीच्या गोष्टीत म्हातारी ढोलकीत बसते आणि ढोलकी ढमाक ढम वाजत चालते. तिघंही आपापली गोष्ट खरी आणि बाकीच्यांनी ती उचलली, असं तावातावाने सांगू लागले.

त्या रात्री मी या गोष्टीचा माग काढत बसले. बंगालीत उपेंद्रकिशोर राय यांनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी, 1910 मध्ये 'टुनटुनिर बोइ'त ही गोष्ट घेतली. त्यांची कुबडी म्हातारी नातीकडे जाते, दुध्या भोपळ्याच्या खोळीत बसून परतते, आणि शेवटी तिचे दोन कुत्रे कोल्ह्याचा समाचार घेतात. इराणात मुलं हीच गोष्ट गडगडणाऱ्या भोपळ्याची म्हणून ऐकतात. तिथे वाटेत लांडगा भेटतो, सिंह भेटतो. पंजाबातली कथा फ्लोरा अॅनी स्टील या बाईंनी 1884 मध्ये इंग्रजीत छापली. तिच्यात म्हातारीच्या जागी कोकरू आहे. ते आजीकडे जाऊन गुबगुबीत होतं, ढोलकीत बसून निघतं, आणि शेवटी कोल्हा त्याचा आवाज ओळखून त्याला खाऊन टाकतो. लोककथांच्या जागतिक सूचीत 'मी लठ्ठ होईपर्यंत थांब' या नावाने या साऱ्यांचा एक वेगळा क्रमांकच आहे. पहिला भोपळा कुठल्या वेलाला लागला, हे शोधण्यात मला रस उरला नाही. ज्या घरात जे पोकळ भांडं हाताशी होतं, त्यात त्या घराने म्हातारीला बसवलं. यापेक्षा प्रामाणिक रूपांतर कुठलं असणार?

मुलीच्या तोंडचं गुजराती नाव गिजुभाई बधेकांपर्यंत जातं. गिजुभाई वकिली सोडून 1916 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टी गोळा करून त्यांनी मुलांना सांगितल्या आणि पुस्तकांत आणल्या. गुजराती माणूस त्यांना 'मूछाळी मा', मिशीवाली आई, म्हणतो. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला मास्तर दंगेखोर वर्गाला ताब्यात आणतो तो छडीने नव्हे, गोष्ट सांगून. त्या भावनगरात गिजुभाईंच्या शेजारी उभी राहिलेली बाई मराठी होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना आठवतं. ताराबाई मोडक. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. गिजुभाई 1939 मध्ये गेले. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला, गुजरातच्या वेशीवर, खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम मांडलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुजराती आणि मराठी बालपण एका ओट्यावर बसवण्याचं काम या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी हातात घेतलं होतं. आमच्या जिन्यावरची तीन मुलं भांडत होती तेव्हा मला ताराबाईंची फार आठवण झाली.

गणपती जवळ आले तसं मुलांनी ठरवलं की पाचव्या दिवशी याच गोष्टीचं नाटक करायचं. भाषा कुठली, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. ज्याने जशी ऐकली तशी तो बोलणार. अडलं ते भोपळ्यापाशी. चित्राच्या पुस्तकांत तो नेहमी केशरी, शिरांचा, देठाचा असतो. मुलांनी बांबूच्या कामट्या वाकवल्या, वर केशरी जॉर्जेटच्या चिंध्या ताणल्या. माझी लेक आत बसली आणि पहिल्याच गडगडीला कामटी मोडली.

आई म्हणाली, "गोष्टीत आपण डांगर म्हणतो, पण तो भोपळा असा नसतोच." तिच्या मते गोष्टीतला भोपळा वाळलेला, कडक सालीचा, आतून पोकळ, ज्याचा तंबोरा होतो आणि जो पाठीला बांधून तिच्या लहानपणी पोरं बोरी नदीत पोहायला शिकायची. तीही तशीच शिकली. "लाल डांगर आतून गच्च असतं, त्यात मुंगी बसेल, म्हातारी कशी बसेल?" इतकी वर्षं ही गोष्ट ऐकून, सांगून, मला हे कधी सुचलं नव्हतं. आणि मग ती सहज म्हणाली, "तो गडगडतो तसा तरंगतोही."

मुलांनी हे वाक्य झेललं. आमच्याकडे जंगल नाही, वाघ नाही, पण मिठी खाडी आहे. पावसाळ्यात ती फुगली की पर्वत पाटिया, लिंबायत भागात पाणी शिरतं. लोक त्याला खाडीपूरच म्हणतात. खालच्या मजल्यावरच्यांनी पलंगाखाली विटा लावलेल्या या मुलांनी पाहिल्यात. त्यांच्या नाटकात म्हातारी जाताना वाघाला चुकवते आणि येताना वाटेत खाडी भरलेली असते. वाघ काठावर. भोपळा पाण्यात. निळी साडी दोन मुलींनी दोन टोकांना धरून हलवायची, ही झाली खाडी. भोपळ्यासाठी एका मुलाचे वडील, जे टेम्पो चालवतात, ते साड्या बांधायचं मोठं पोटलं घेऊन आले. पांढऱ्या जाड कापडात गाठ मारून त्यात माझी लेक बसली, तोंड बाहेर. सुरतेच्या रस्त्यावर दिवसभर अशी पोटली हातगाडीवरून, टेम्पोतून जात असतात. वाघाने ओळखायचं कसं?

तालमीत मी एकच हट्ट धरला. मोबाइलवरच्या या गोष्टीच्या ज्या चित्रफिती मी पाहिल्या, त्यांत लेकीचं घर दोन दृश्यांत उरकतं. म्हातारी आली, लठ्ठ झाली, निघाली. सगळा जीव वाघाच्या पाठलागात. बाकी काहीही बदला, वाघाचा कोल्हा करा, भोपळ्याची ढोलकी करा, पण लेकीचं घर असं घाईत उरकू नका, असं मी पोटतिडकीने सांगितलं. लेकीच्या घरचं पाणीही घेऊ नये असं मानणारी घरं आपल्याकडे होती, अजून आहेत. अशा समाजात कुणा बायांनी चुलीपुढे बसून ही गोष्ट रचली, की म्हातारीच्या अंगात बळ येतं ते लेकीच्या हातचं तूप खाऊन, आणि तिला वाघातून सोडवण्याची युक्तीही लेकच काढते. मराठीत लेक, गुजरातीत दीकरी, बंगालीत नात. भांडं प्रत्येकाने बदललं. पंजाबातलं कोकरू सोडलं तर ते घर मात्र कुणी बदललं नाही.

मुलांनी ऐकलं. नाटकात लेकीच्या घरचं जेवण चांगलं पाच मिनिटं चाललं. वाढणारी काठियावाडी मुलगी "अजून एक, बा, अजून एक" म्हणत राहिली, आणि म्हातारी झालेली माझी लेक खोट्या तुपाची खोटी पोळी खरी खाल्ल्यासारखी खात राहिली. मी पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेला पुढे केला आणि म्हणाली, "भरून दे."

शेवटावरून मात्र वाद झालाच. पंजाबी गोष्टीत कोल्ह्याने कोकरू खाल्लं आणि बंगालीत कुत्र्यांनी कोल्ह्याचा समाचार घेतला, हे मी मुलांना सांगितलं होतं. एका मुलाला तोच शेवट हवा होता, दोघींना कुत्रे हवे होते. माझ्या लेकीला वेगळंच खटकत होतं. "म्हातारी परत जातेच कशाला? वाघ वाटेत आहे हे तिला माहीत आहे. लेकीकडेच राहावं ना." सगळे आईकडे बघायला लागले.

"मन्हं घर शे ना तठे," आई म्हणाली. माझं घर आहे ना तिकडे. अहिराणी शब्द सगळ्यांना कळला नसेल, पण पुढे कुणी काही विचारलं नाही. नाटकात म्हातारी आपल्या घरी पोचली, दार उघडलं, तुळशीला पाणी घातलं, आणि पडदा पडला.

पितृपक्षाआधी आई निघाली. काठी न घेता जिना उतरली. उधन्याहून तिची गाडी. व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेर. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. माझ्या लेकीने तिला बजावून ठेवलं होतं की नवापूर आलं की फोन करायचा, कारण वाघ असलाच तर तिथेच असणार, दोन राज्यांच्या मध्ये. दुपारी फोन वाजला. लेकीने झडप घालून उचलला आणि स्पीकर लावला.

"आजी, वाघ भेटला का?"

"भेटला," आई म्हणाली. मागे गाडीचा खडखडाट होता. "म्हातारी पाहिली का म्हणून विचारत होता. मी काही सांगितलं नाही."